डावखुरा घरजावई

५ मार्च, मंगळवार

पैज लागली! लावली मी, पण आधी तोंड दादाचं सुटलं. म्हणे, ‘बाबा माझ्याकडेच बरे आहेत. तुझ्या घरात माणसाला जागा आहे कुठे? जिथे तिथे तुझे सैनिक.’ हे म्हणणारा स्वतः मोठा साधूच लागून गेलाय! त्याच्या कपाटात शर्टांपेक्षा रणगाडे जास्त. लहानपणी एकाच डब्यातल्या शिपायांवरून आम्ही एकमेकांचे केस उपटले. आता दोघांचेही केस पिकले, फक्त शिपाई परग्रहावरचे झाले.

तर ठरलं. महिनाअखेरच्या रविवारी, क्लबात, टेबलावर फासे टाकून माझं प्लास्टिकचं सैन्य विरुद्ध त्याचं. जिंकेल त्याच्याकडे बाबा. आई गेल्यापासून ते दादाकडे आहेत. मला ते माझ्याकडे हवेत. कामावरून आले की चहाला समोर बाबा हवेत, बास. दुसरं कारण नाही.

बाबांना अर्थातच आम्ही दोघंही काही बोललेलो नाही. उगाच टेन्शन घेतील.

८ मार्च

खोकं आलं. नवऱ्याला वाटलं नवा मिक्सर. आतून निघाल्या प्लास्टिकच्या चौकटी आणि चौकटींत अडकलेले ढीगभर तुकडे. सगळे जोडले की कोपरापासून बोटांपर्यंत उंच असा लढाऊ यंत्रराक्षस होणार. दादाकडे एवढं धूड नाही!

नवऱ्याने जेवणाच्या टेबलाकडे बघितलं. ‘म्हणजे हा इथेच राहणार, काडीचं काम करणार नाही आणि तू त्याची बडदास्त ठेवणार. घरजावई म्हण ना सरळ.’ नाव पडलं ते पडलं.

११ मार्च

दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या, घरी येऊन राक्षसाचे गुडघे घासायचे. कानस तीच. मांडीत फट राहिली होती ती हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याने बुजवली. वरून रंग लागणार, कोणाला दिसतंय?

१४ मार्च

दादा बाबांना घेऊन आला. ‘त्यांना तुझी आठवण येत होती.’ खोटारडा! हेरगिरीला आला होता. मी घरजावयावर चादर टाकली. दादाने चादरीचं टोक ‘चुकून’ उचललं, मी त्याचं बोट ‘चुकून’ चिमटीत पकडलं. चहा न पिताच गेला.

बाबा मात्र संध्याकाळपर्यंत थांबले. चष्मा नाकावर ओढून चौकटीतून तुकडे कापत बसले. एक तुकडा उडून फ्रिजखाली गेला, तर दोघं पालथी पडून शोधत होतो. किती हसलो!

मग विचारतात, हा चालतो कशावर? सांगितलं, डोक्यात चालक बसलेला असतो. त्यांनी डोकं फिरवून बघितलं. मी ते कालच पक्कं चिकटवलेलं.

‘मग त्याला बाहेर यायचं झालं तर?’

म्हटलं, बाबा, तो खोटा आहे. तरी बराच वेळ दार शोधत होते.

१५ मार्च

वहिनीचा फोन. दादा झोपेत ‘माघार घ्या’ ओरडला. चांगलं लक्षण आहे.

१९ मार्च

घोळ! महाघोळ! हात सुटे निघावेत म्हणून खांद्यांत आणि दंडांत चिमुकली लोहचुंबकं बसवतात. शेंबडं पोरसुद्धा आधी बाजू तपासून मग चिकटवतं. मी गप्पांच्या नादात तशीच चिकटवली. आज तोफेचा हात उजव्या खांद्याला नेला, तर हात टुणकन मागे! पुन्हा नेला, पुन्हा मागे. सासरी नांदायचंच नाही म्हणतोय.

उचकटायला गेले तर खांदा तडकायला लागला. शेवटी वैतागून तोच हात डाव्या खांद्याला लावला. खट्! बसला. दुसरा उजवीकडे खट्! घरजावई डावखुरा झाला. आता हेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून सांगायचं.

२३ मार्च

क्लबचा नियम: रंगवलेलं नसेल ते मैदानात नाही. मी गडद निळा ठरवला होता. लॅबमधून आले तर एक पाय पिवळाधमक! आणि बाबा ब्रश धूत उभे. किल्ली त्यांना मीच दिलेली, बोलणार कोणाला? म्हणाले, एवढा मोठा गडी अंधाराच्या रंगाचा कशाला, येताना दिसला तर पाहिजे.

लढाईत दिसायचं नसतं हो, बाबा!

चिडले होते. पण तासाभराने दुसरा पाय मीच पिवळा केला. पातळ काळ्या रंगाचा हात दिल्यावर खाचा उठून आल्या आणि काय रुबाबदार दिसायला लागला! नवरा म्हणाला, जावयाला पितांबर शोभतो.

२६ मार्च

मागची खोली बाबांसाठी मोकळी करतेय. रंगांच्या बाटल्या पलंगाखाली. नवऱ्याने खोके उचलता उचलता विचारलं, ‘बाबांना विचारलंस का?’ म्हटलं, आधी जिंकू तर दे. त्याने हातातलं खोकं परत खाली ठेवलं. त्याचं हे असलं वागणं मला अजिबात आवडत नाही.

३१ मार्च, रविवार



या खेळात कोण किती सरकला ते टेपने मोजतात. दादाचा आणि माझा एकमेकांच्या टेपवर विश्वास नाही, म्हणून मोजायला पंच बाबाच. शेवटच्या फेरीत घरजावई भिंतीआड उभा, फक्त डावा हात बाहेर. आणि तोफ डावीकडे! तिथून दादाचा सेनापती सरळ दिसत होता. फासे टाकले. सेनापती उडाला!

दादा तावातावाने उठला. खोक्यावरच्या चित्रात तोफ उजवीकडे आहे, ही लबाडी आहे. मी म्हटलं, नियमांत कुठेही हात लिहिलेला नाही, दाखव. त्याने माझी लहानपणची रडारड काढली, मी त्याची. आजूबाजूच्या टेबलांवरचे खेळ थांबले.

बाबा म्हणाले, ‘अरे, एवढं पणाला लागलंय तरी काय?’

मी घरजावयाकडे बघत बसले. दादा फासे गोळा करायला लागला. बोलली ती खेळ बघायला आलेली वहिनी.

‘तुम्ही, बाबा.’

बाबांनी टेप हळूहळू गुंडाळला. आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, निकाल उद्या सांगतो.

१ एप्रिल

निकाल: दोन्ही सैन्यं बाद. बाबांनी वाचनालयामागच्या इमारतीत स्वतःसाठी खोली घेतलीय. शनिवारी जाणार. आजची तारीख बघून दादा हसला, मीही हसले. बाबा हसले नाहीत. खोली पैजेच्या आधीच, फेब्रुवारीत ठरली होती. मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, ‘तुम्हा दोघांची भीती वाटत होती.’

भीती. बाबांना. आमची.