कुरणाच्या फाटकाची खीळ

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, धंदा मेंढीपालन व लोकरविक्री, गेली बावीस वर्षे आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस, घरात 'मोठा' आणि माझ्या पाठीमागे 'तराजू' या नावाने ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या वीस तारखेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मन ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला घेऊन सोबत जोडला आहे. दडपण कोणी आणलेले नाही. पत्नीने एकदा टोकले, त्याची नोंद कलम आठमध्ये आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या धाकट्या भावाचा उल्लेख नव्हता. तो का नव्हता हे सांगणे हा या लेखनाचा मुख्य हेतू आहे. मिळकतीची व्यवस्था ओघाने येईल.

१. राहत्या घराचा अर्धा भाग पत्नीस आणि अर्धा धाकट्यास मिळावा. आम्हांला मूलबाळ नाही. स्वयंपाकघर पत्नीच्या भागात येईल अशी रेघ सोबतच्या नकाशावर ओढली आहे. कुरणाकडे खिडकी असलेली खोली धाकट्याचीच होती. तीत मी एकोणीस वर्षे लोकरीची पोती ठेवली. ती आठवड्याभरात हलवावीत व भिंतींना चुना द्यावा.

२. बँकेतील ठेव पत्नीस. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

३. कळप दोघांत निम्मा निम्मा. मात्र ही वाटणी कानांतील बिल्ल्यांच्या क्रमाने करू नये. बिल्ले मी आणले. पहिला बिल्ला ठोकला तेव्हा बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "चेहरा असताना नंबर कशाला रे?"

मी म्हणालो, "तुम्ही नसाल तेव्हा काय करायचं?"

"मी नसेन तेव्हा तू बघशीलच की त्यांच्याकडे."

मी बिल्ल्यांकडे बघत राहिलो. म्हणून पत्नीने व धाकट्याने एक सकाळ वाड्यात उभे राहून, एकेकीचे तोंड पाहून वाटणी करावी. वेळ लागेल. लागू द्यावा.

४. कळप पुढे जो कोणी सांभाळेल त्याच्यासाठी एक सूचना, जी मी कामगारांना शेकडो वेळा दिली आणि स्वतः एकदाही समजून घेतली नाही. लोकर वाढलेली मेंढी खड्ड्यात कलंडून उताणी पडली, तर तिला स्वतःहून उठता येत नाही. तशीच राहिली तर ती काही तासांत मरते. तिला उभी करावी, पण लगेच सोडू नये. दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, पायांत बळ येईपर्यंत तिच्याबरोबर उभे राहावे. मंडळीत कोणी चुकला, पडला, तर मी त्याला उभे करून उपदेश केला आणि हात सोडला. तो पुन्हा पडला की माझे म्हणणे खरे ठरले, असे मानत आलो. प्रभू माणसाला उचलतो तेव्हा तो किती वेळ धरून उभा राहतो, हे मी रोज माझ्याच कुरणात पाहत होतो.

याच ओघात मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्याविषयीची जुनी तक्रार नोंदवतो. त्यांनी किमान सहा उपदेशांत मेंढरू मूर्ख असते असे सांगितले आहे. साहेबांनी आयुष्यात एकही मेंढी पाळलेली नाही. मेंढी चेहरा वर्षानुवर्षे विसरत नाही आणि हाक कोणाची आहे हे तिला कळते. सदर तक्रार त्यांना वाचून दाखवली असता ते म्हणाले, "मान्य. पण मग उपमेचं काय करू?" मी म्हणालो, "उपमा ठेवा, फक्त मूर्ख कोण ते बदला." ते हसले व साक्षीदार होण्यास तयार झाले.

५. आता धाकट्याविषयी.

ज्या मेंढीचे कोकरू मेले तिच्या कुशीत पोरके कोकरू द्यायचे असेल, तर आम्ही मेलेल्या कोकराचे कातडे सोलून पोरक्याच्या अंगावर अंगरख्यासारखे चढवतो. मेंढी वास घेते, आपलेच समजते, दूध पाजते. तीन दिवसांनी कातडे काढून टाकतो. तोवर तिचे दूध त्याच्या अंगात भिनलेले असते. कातडे कुठे गेले हे ती कधीच शोधत नाही.

धाकटा माझ्या आईच्या पोटचा नव्हता. लोकर कातरायला येणाऱ्या एका बाईचा तो मुलगा. ती आमच्याकडे तापाने गेली. त्याच हिवाळ्यात आईचे तान्हे गेले होते. आईने त्याचेच झबले या मुलाला घातले. बाबा सांगायचे, "मेंढीला तीन दिवस लागतात. तुझ्या आईला वेळ फुकट घालवायची सवयच नव्हती." बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला आमचे आडनाव मिळाले. पुढे त्याने शीळ घातली की कळप त्याच्यामागे चालायचा. मी हाक मारली की मेंढ्या मान वर करून पाहायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या. याचा मला त्रास होत असे. हे वाक्य लिहायला मला एकोणीस वर्षे लागली.

६. एकोणीस वर्षांपूर्वी पावसाळा संपताना एका दुपारी कुरणाचे फाटक उघडे राहिले. कळप शेजारच्या ओल्या लसूणघासाच्या शेतात शिरला, तो चारा भरपेट खाल्ला आणि पोटफुगीने अकरा मेंढ्या मेल्या. फाटक पाहण्याचे काम धाकट्याचे होते. बाबा व चार कातरणारे उभे असताना मी विचारले, "खीळ घातली होतीस की नाही?"

तो म्हणाला, "घातली होती दादा. मला चांगलं आठवतंय."

"तुला आठवतंय! आणि फाटक काय वाऱ्यानं उघडलं?"

"तेच मला कळत नाहीये."

मी म्हणालो, "तुला कसं कळणार? आमच्या घरचं रक्त असतं तर कळलं असतं. अंगावरचं कातडं काढलं की तू आहेस कोणाचा?"

कातरणाऱ्यांच्या कात्र्या थांबल्या. त्याने हातातली बाबांची मेंढपाळीची काठी खुंटीला अडकवली, आईच्या फोटोकडे पाहिले आणि तो गेला. बाबा मला एवढेच म्हणाले, "मेंढी कातडं विसरली रे. तू नाही विसरलास." मग म्हणाले, "जा, शोधून आण." मी म्हणालो, "त्याला वाट माहीत आहे." त्यांनी पुन्हा सांगितले नाही. पुढच्या हिवाळ्यात बाबा वारले.

तिसऱ्या दिवशी मी पाहणीची वही काढली. कळपाची रोजची पाहणी मी वेळेसह लिहितो. त्या दिवशीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'दुपारी ४.१०. कुरणात जाऊन मोजणी. संख्या बरोबर.' धाकट्याने खीळ घातली ती तीन वाजता. त्यानंतर त्या फाटकातून माझ्याखेरीज कोणी गेले नव्हते. माझ्या एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन्सिल. बाहेर पडताना मी फाटक नुसते पायाने ढकलले होते.

पान फाडले नाही. नोंद फाडणे माझ्या शिस्तीत बसत नव्हते. मी वही बंद केली. ती लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे आणि या मृत्युपत्राचा भाग समजावी.

७. तीन वर्षे उपासनेस गैरहजर असणाऱ्याचे नाव मंडळीच्या नोंदवहीतून कमी करावे असा नियम आहे. धाकट्याचे नाव मी कमी केले, पट्टी ठेवून, सरळ रेघेत. त्या रविवारी शास्त्रपाठ हरवलेल्या मेंढराचा होता आणि तो वाचण्याची पाळी माझी होती. मी स्पष्ट उच्चारांत वाचला. लोकांनी नंतर कौतुक केले. एका हरवलेल्या मेंढरासाठी मेंढपाळाने बाकीच्या नव्याण्णवांना सोडून जाणे व्यवहारात बसत नाही, असेच मी मनात धरून होतो. त्या माणसाला चेहरे माहीत होते, संख्या नव्हे, हे आता कळते. ते नाव पुन्हा लिहिण्याचा अर्ज पाळकसाहेबांकडे आज दिला आहे.

८. बाबांची काठी धाकट्यास. ती खुंटीवरून मी कधी काढली नाही, हक्कच नव्हता. घर, कळप व काठी यांतील त्याचा हिस्सा ही देणगी नव्हे. ते त्याचेच होते.

तो कुठे आहे हे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले. बसने पाच तासांवरच्या जनावरांच्या बाजारात तो मेंढ्या निवडून देण्याचे काम करतो. डॉक्टर म्हणाले, "शीळ ऐकली आणि वळून पाहिलं. केस पांढरे झालेत, शीळ तीच आहे." या मृत्युपत्राची प्रत त्याला नोंदणीकृत टपालाने पाठवावी, असे या कलमात मी प्रथम लिहिले होते. मजकूर पत्नीला वाचून दाखवला. ती भांडी पुसत होती.

"अहो, मेंढपाळ हरवलेल्या मेंढराला टपाल पाठवतो का?"

मी म्हणालो, "डॉक्टरांनी प्रवास टाळायला सांगितलाय."

"एकोणीस वर्षं टाळलाच आहे की. तेव्हा कुठल्या डॉक्टरनं सांगितलं होतं?"

टपालाचे वाक्य खोडले आहे व खाडाखोडीवर सही केली आहे. पत्नी लाभार्थी असल्याने तिला साक्षीदार करता येत नाही, अन्यथा या कलमाची खरी साक्षीदार तीच.

९. उद्या सकाळच्या बसने मी स्वतः जात आहे. त्याने दार उघडले नाही, किंवा उघडून पुन्हा लावले, तरी वरील कलमांत काहीही बदल होणार नाही. उघडले, तर हा कागद मी खिशातच ठेवीन. त्याला प्रथम इतकेच सांगायचे आहे: फाटक माझ्याकडून उघडे राहिले होते.

साक्षीदार: १. गुरांचे डॉक्टर (सही)
२. मंडळीचे पाळकसाहेब (सही)

सही: मोठा, धाकट्याचा भाऊ
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील मेज
दिनांक: मंगळवार, १२ मार्च २०१९