टाकीमागचा कवठी चाफा

२ मे
सकाळी जागामालकाच्या पोरानं गेटवर कागद चिकटवला. नर्सरी ३१ तारखेला बंद. त्या मिनिटाला माझं सगळं बदललं.
दस्तगीर चाचांनी नर्सरीत आयुष्य घातलं, मी त्यांच्या हाताखाली शिकतोय. कागद वाचून म्हणाले, "लग्नाचं लॉन व्हणार म्हणं. हिरवंच ऱ्हाणार की. प्लॅस्टिकचं." आणि पाणी घालायला वळले. मी त्या पोराच्या अंगावर धावलो. चाचांनी मागनं कॉलर धरली. "कॉलेजबी असंच सोडलंस."
खरं सांगायचं तर आधी नर्सरी आठवलीच न्हाय. मेघनानं इथं ठेवलेला चाफा आठवला.

५ मे
लोक आजारी झाडं इथं ठेवून जातात, बरी झाली की नेतात. आता सगळ्यांना बोलावणं चाललंय. एक काकू लिंबू न्यायला आल्या.
"परत आजारलं तर कुणाकडं आणू, चाचा?"
मी म्हटलं, नवीन मिळतंय की बाजारात.
"नवीन मिळंल रे. हे आमच्या ह्यांनी लावलंय."
लिंबाची कुंडी उचलून त्यांच्या रिक्षात ठेवली.
मेघना दोन आठवडे गावाला गेलीय. तिला अजून फोन केला न्हाय.

८ मे
लिहून टाकतो. चाफा तिच्या आईनं छपराखालच्या गॅलरीत लावलेला. आई गेली, पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाय, वाळला. गेल्या पावसाळ्यात तिनं इथं आणला. दिवाळीला तो ठणठणीत झाला. मी टाकीमागं लपवला. बरा झाला की ती यायची बंद होणार म्हणून. दर रविवारी येते. मी सांगतो, "अशक्त आहे अजून. मागं औषध मारलंय, जाऊ नका." तिला खरं वाटतं.

१२ मे
चाफ्याची कुंडी हलंना. दोन्ही हातांनी ओढली. बुडाच्या भोकातनं मूळ जमिनीत गेलंय. चाचांचा पहिला धडा: दर पंधरवड्याला प्रत्येक कुंडी जागची हलवायची. सगळ्या हलवल्या. लपवलेली तेवढी ऱ्हायली.
चाचांना नेऊन दाखवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
"कवठी चाफ्याला मूळ तोडलेलं सोसत न्हाय. त्यात हा उन्हाळा."
"वाचंल का?"
"जिचं हाय तिला इचार, तोडू का म्हणून. आज अर्धं तोडलंस तर महिनाअखेरीला बाकीचं सोपं जाईल."

१८ मे
मेघना गावाहून आली. कागद वाचला. "नेऊ ना आज? आईचं वर्षश्राद्ध आहे जूनमध्ये. तेव्हा घरी असू दे."
तोंडातनं गेलं, "मी आणून देतो."
अर्धं मूळसुद्धा तोडलं न्हाय. सुरी घेऊन जातो, बसतो, परत येतो.

२७ मे
कळी आलीय. आत्ताच कशाला

३१ मे
जेसीबी दारात. चाचांनी कलमाची सुरी माझ्याच हातात दिली. एका दमात तोडलं. अर्धी पानं काढली, बुडाला ओलं गोणपाट बांधलं.
"कळीबी काढ. झाड पोसायचं का फूल?"
काढली. खिशात हाय.
"चाचा, तिला सांगू काय?"
"कुंडी कुठं व्हती ते सांग. बाकीचं तिचं तिला कळंल."
फोन केला. "निघालोय. एक सांगायचंय." "काय?" फोन ठेवून दिला.
स्टॉपवर लिहितोय. चाफा मांडीवर, शेंड्याची पानं आत्ताच मान टाकायला लागलीत. निघताना सवयीनं गेट ओढून घेतलं, कडी घातली. शेळ्या शिरतात म्हणून. आत खायला काय ऱ्हायलं न्हाय, तरी.