तिसऱ्या अंकातले गुडघे

४ फेब्रुवारी
परत गेले! महिन्यात चौथ्यांदा. ह्यांना ऑपेराचे फुकट पास मिळतात, वाया कशाला घालवायचे, असे मनाला सांगते. खोटे! त्या टेनरसाठी, त्या उंच आवाजाच्या गायकासाठी जाते. गाण्यातले मला काय कळते? मी त्याचे काम पाहते. दुसरी गात असते तेव्हा हा नुसता ऐकत उभा — आणि सगळे ह्याच्याकडेच बघतात. तिसऱ्या अंकात त्याची मुलगी वारल्याची बातमी येते. तो रंगमंचाच्या पार पुढच्या कडेशी येतो, गुडघे टेकतो, मान एका बाजूला झुकवतो. क्षणभर काहीच नाही. मग गातो. इतकी लीनता मला देवापुढेही जमलेली नाही.

५ फेब्रुवारी
सकाळी हात जोडून डोळे मिटले — तर गुडघे टेकलेला तोच! जीभ चावली. पन्नाशीला आलेली बाई मी!

८ फेब्रुवारी
नणंद त्याच ऑपेरात, कपडेपटात इस्त्री करते. त्याच्याबद्दल तिच्याकडून आडून आडून काढून घेतले. प्रयोगाच्या दिवशी तो एक शब्द बोलत नाही, पाटीवर लिहून दाखवतो. पोशाख चढवला की बसत नाही, चुरगळेल म्हणून. "वहिनी, आता देवाशेजारी त्याचाच फोटो लावा!" हसले, पण कान तापले.

तो राग ह्यांच्यावर निघाला. हे प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खोका असतो, त्यात बसून विसरलेले शब्द पुरवायचे. आम्हाला दिसते ती खोक्याची पाठ. म्हटले, "माणसाने काम करावे तर त्याच्यासारखे! तुम्ही वीस वर्षे बिळात बसून पुटपुटताय." ह्यांनी जेवण मात्र अर्धे टाकले.

११ फेब्रुवारी
त्याला पत्र टाकले. निनावी. "बाकी सगळे विसरेन, पण तुमचे ते पुढे येऊन मान झुकवणे नाही. माझे डोळे तिथेच लागलेले असतात." देवा, क्षमा कर.

१५ फेब्रुवारी
हे दुपारीच घरी. खोक्यातून काढले! आता दारावर तिकिटे फाडायची.

"अहो, पण का?"

"त्याला कुणाचं तरी पत्र आलं. त्या मान झुकवण्यावर लोक डोळा ठेवून असतात म्हणे. घाबरला गं तो. तिथली ओळ त्याला कधीच आठवत नाही. म्हणून वाकून कान माझ्याकडे करतो. आता म्हणतो, खोकाच नको, मी पाठ करीन."

"मला कधी बोलला नाहीत!"

"खोक्यातलं खोक्यात ठेवायचं असतं."

धरणी पोटात घेईल तर बरे.

१६ फेब्रुवारी
सांगून टाकले. "पत्र माझे." हे बराच वेळ टॉवेलने कोरडे तोंड पुसत राहिले. मग विचारतात, "समोरून चांगलं दिसतं का गं ते? मी कधी पाहिलंच नाही."

ओरडले असते तर सोसले असते.

१८ फेब्रुवारी, रविवार
दुपारचा खेळ. दारे लागल्यावर हे माझ्या शेजारी येऊन बसले — जन्मात पहिल्यांदा. तिसरा अंक. तो ताठ उभा राहिला, तोंड उघडले, आणि ओळच आठवेना! वाद्ये तेच सूर पुन्हा पुन्हा घोळवत राहिली. ह्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी दंडाला धरून ह्यांना उभे केले, भर सभागृहात.

"सांगा ना! मोठ्याने सांगा!"