उजवीकडचा रिकामा कोपरा

मंगळवार, ४ मार्च

नऊ फोटो बसवले एका पानावर! नऊ! एक इंच वाया नाही. आणि धाकटीचा फोन — "ताई, माझ्या पानावर दोनच बसले गं." दोनच! म्हणे पान मोकळं ठेवावं लागतं.

बाबांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला अल्बम द्यायचा ही कल्पना माझी. आई गेल्यापासून फोटोंचा डबा माझ्या कपाटात. त्यावरची धूळ मी पुसली. अकरा पानं तू कर, अकरा मी करते, असं धाकटीला सांगितलं तेही मीच. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

गुरुवार, ६ मार्च

धाकटीने नमुन्याचं एक पान बाबांना दाखवलं, म्हणून मीही माझं पुढे केलं. माझं हातात घेतलं, "छान" म्हणाले, खाली ठेवलं. झालं.

तिचं? चष्मा पुसला. खिडकीशी नेलं. आई सायकल शिकतेय तो फोटो, डावीकडे, करड्या कागदाच्या चौकटीत. बाकी पान कोरं. उजवीकडचा खालचा कोपरा तर अगदीच रिकामा. बाबा बघतच राहिले, चहा गार झाला तरी.

मला एवढंच हवंय — माझ्या एका पानावर बाबांनी तसं थांबावं. एकाच. लिहिलं की हलकं वाटेल म्हटलं, तर तेही नाही.

शनिवार, ८ मार्च

स्टेशनरीच्या दुकानात तासभर. दुकानदार म्हणाला, "हल्ली हातानं कोण लिहितं मॅडम? ही अक्षरं न्या. सोलायची नि चिकटवायची." नेली. सोनेरी! पानांवर मी हातानं लिहिलेली शीर्षकं घरी येऊन सगळी झाकून टाकली.

नवरा म्हणाला, "अगं, किती छान अक्षर होतं तुझं. अगदी आईंसारखं." याला काय कळतंय! धाकटीच्या त्या पानापुढे माझी शीर्षकं शाळेच्या फळ्यासारखी दिसत होती.

तिच्या पानांवर म्हणे एक अक्षरही नाही. असणार कसं? तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. छान पळवाट काढली बाईनं!

सोमवार, १० मार्च

मीही एक कोपरा मुद्दाम रिकामा सोडून बघितला. नवरा — "इथला फोटो पडला का?"

गुरुवार, १३ मार्च

धाकटी पानं देऊन गेली. अल्बम बांधायचं माझ्याकडे आहे. नेहमीसारखी घाईत, चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाली, "बाकी सगळं मागे लिहिलंय, ताई. बघशील ना?" बघीन म्हटलं. ही आईचीच सवय. आई प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं लिहायची — शाई पुढे उमटते म्हणून. हिने पानांचे क्रमांक टाकले असतील. मला आता क्रमांक शिकवणार!

ती गेल्यावर पानं टेबलावर मांडली. सुंदर आहेत. मेली सुंदर आहेत! करडा, फिका निळा, बस्स. नजर फोटोवरून हळूहळू उतरते, उजव्या कोपऱ्याशी येते आणि तिथेच थांबते. प्रत्येक पानावर तोच कोपरा कोरा. नुसता जळफळाट झाला माझा. काहीच न करता एवढं छान कसं दिसतं?

शुक्रवार, १४ मार्च

केलं.

अकरा कोपरे, अकरा कागदी फुलं, प्रत्येकाच्या मधोमध एक बटण. गोंद असा की जन्मात सुटायचा नाही. धाकटीने विचारलं तर सांगेन — अर्धवट वाटत होतं, पुरं केलं. मोठ्या बहिणीनं एवढंही करू नये?

दुपारपासून चारदा जाऊन बघितलं. फुलं जरा मोठी झालीत.

रविवार, १६ मार्च, सकाळ

भोकं पाडायला तिचं पहिलं पान पालथं घातलं. मागे पेन्सिल. कोंबडीचे पाय —

"ताई, हा कोपरा तुझा. आई सायकल शिकायची तेव्हा तू मागे धरून पळायचीस ना? ती काय ओरडायची ते लिही. बाबांनी मुद्दाम सांगितलंय, ताईचं अक्षर हवं. ते बघितलं की आईनंच लिहिल्यासारखं वाटतं त्यांना."

बाकीची दहाही पालथी घातली. प्रत्येकामागे वेगळी आठवण आणि खाली तेच — "कोपरा तुझा."

एक फूल ओढलं. कागदासकट निघालं. दुसऱ्याला हात लावायचा धीर झाला नाही. तासाभरात बाबांकडे वाढदिवसाला पोचायचंय. नवरा खालून हाका मारतोय. माझ्या पानांवरची सोनेरी अक्षरंही नखानं खरवडून पाहिली. खालचं सगळं फाटतंय.

रविवार, संध्याकाळ

बाबांनी शेवटचं पान बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतलं. काहीतरी शोधत होते. "ताई, तू कुठेच काही लिहिलं नाहीस का गं?"

धाकटीने फुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मीच तिला सांगायला विसरले, बाबा."