टोपीतलं ‘नको’

धार, १ जाने. १९५२
नव्या वर्षाची उपासना झाली. चर्चमधून आल्या आल्या अण्णांनी विषय काढलाच. देवासचे मास्तर. बिजवर, दोन मुली, स्वभावाने गरीब. स्थळ पाळकसाहेबांनी आणलेलं, म्हणजे अण्णांच्या लेखी थेट स्वर्गातून आलेलं. म्हटलं, मला इंदूरला नर्सिंग शिकायचंय. मिशनच्या दवाखान्यात चार वर्षं पट्ट्याच बांधतेय.
“तू ठरवणारी कोण? प्रभूने केव्हाच ठरवलंय. आपण फक्त विचारायचं.”
रविवारी चिठ्ठ्या टाकणार. आमच्या घरी सगळं चिठ्ठ्यांवर. अण्णा नगर सोडून इकडे सुवार्तेच्या प्रचाराला आले, तेही चिठ्ठीवरच.

६ जाने., रवि.
अण्णांची काळी टोपी. आत दोन चिठ्ठ्या, ‘हो’ नि ‘नको’. प्रार्थना इतकी लांबली की आईची वांगी करपली. चिठ्ठी मी उचलली. ‘नको’!
अण्णांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मग, “त्याची इच्छा.” संपलं.
खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. उलट डोकं तापलं. ‘हो’ निघालं असतं तरी मी नाहीच म्हणणार होते. मग हे ‘नको’ कुणाचं?

९ जाने.
मास्तर स्वतः आले. बिचाऱ्यांना निरोप पोचलाच नव्हता. अण्णांनी सांगितलं, प्रभूने नाकारलं. मास्तर हसायला गेले, जमलं नाही. “म्हणजे देवालाही मी नकोसा झालो?”
राहवेना. चहाचा कप ठेवला नि सरळ म्हटलं, “देवाने नाही, मी नाही म्हणतेय. तुमच्यात काही उणं नाही. मला शिकायचंय.”
अण्णा ताडकन उठले. मास्तर मात्र चहा संपवून म्हणाले, “बरं केलंत, बाई. माणसाचा नकार सोसता येतो.”

१० जाने.
अण्णांचा अबोला. आई म्हणते, “निकाल तुझ्याच बाजूने लागला होता ना? मग तोंड कशाला उघडलंस?” देवाच्या पाठीमागे लपून नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून. त्याने जीभ दिली ती काय नुसतं आमेन म्हणायला?
दवाखान्यात धरमपुरीची म्हातारी कळवळली, “बेन, म्हारी पट्टी पे गुस्सो क्यूं काढ़े?” राग तिच्या पट्टीवर निघत होता खरा. सोडून पुन्हा सैल बांधली.

१७ जाने.
इंदूरहून नर्सिंगचा छापील अर्ज आला. वडिलांची सही लागते. अण्णा आठ दिवसांनी बोलले ते एवढंच, “रविवारी विचारू.” टोपी झटकून ठेवली.

२० जाने., रवि.
अण्णांनी चिठ्ठ्या टाकल्या, डोळे मिटले, प्रार्थना सुरू. मी दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, न उघडता बशीत ठेवून जाळल्या. आईने एक डोळा उघडला, पाहिलं, पुन्हा मिटला.
आमेन झालं. अण्णांनी टोपीत हात घातला. रिकामी. बशीत राख. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाले, “तू जाळणार, हेही त्याला आधीच ठाऊक होतं.”
असेल. काडी मी ओढली.
अर्ज त्यांच्यापुढे ठेवलाय. दौत, टाक. म्हटलं, “अण्णा, आता तुम्ही सांगा. तुम्ही.”
दुपार झाली. जेवायला उठले नाहीत. टाक एकदा उचलला, परत ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सही अजून नाही.