आप्पा परत आले होते

आई,

धारच्या त्या भाड्याच्या घरात बाळ जन्मला, तेव्हा बाबांच्या वडिलांना, आप्पांना, जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी शेवटची काही वर्षं मौन पाळलेलं, आणि बाळही मुकाट. एवढ्यावर बाबांनी ठरवून टाकलं की आप्पाच परत आले. अजून दिसतं मला: बाबा कचेरीतून येतात, पगडी खुंटीला लावतात आणि पाळण्यातल्या पोराच्या पाया पडतात. मला हसू यायचं, पण तुझ्याकडे पाहिलं की ते जिरायचं. "आप्पांचे पाय जमिनीला लागता कामा नयेत, आणि त्यांचं मौन कोणी मोडायचं नाही," असा हुकूम होता. त्यामुळे दीड वर्षाचं पोर नुसतं या मांडीवरून त्या मांडीवर जायचं, त्याच्याशी अक्षर कोणी बोलायचं नाही. पुढे पुढे तर पार कन्नौदहून माणसं नारळ घेऊन दर्शनाला येऊ लागली.

तुला मात्र सगळं आधीच कळलं होतं. त्याने मान उशिरा धरली, बसायला तर वर्ष उलटून गेलं. शेजारच्या शिंप्याची मुलगी त्याच्याच वयाची, ती अंगणभर धावायची. आपल्या बाळाच्या हातात काही दिलं तर ते गळून पडायचं. टाळी वाजवली की तो वळायचा, म्हणजे कान शाबूत आहेत, हेही तूच पाहिलंस. एकदा मला जवळ ओढून म्हणालीस, "हा मौनी नाही गं. हा मागे राहिलाय. त्याला हात धरून आणावं लागेल." बाबांच्या कानावर हे गेलं तर काय होईल, ते मला परकरातल्या पोरीलाही समजत होतं.

सोवळ्यात असलीस की स्वयंपाकघरात बाबासुद्धा पाऊल टाकत नसत. उघड्या पोराचा मात्र विटाळ नाही. म्हणून तू त्याचं अंगडं काढून त्याला आत न्यायचीस, आणि मी दाराशी पहारा करायची. आत तो जमिनीवर. दोन पितळी डब्यांच्या मध्ये त्याला टेकवून तू गुळाचा खडा हाताच्या जरासा पलीकडे ठेवतेस, पोळ्या लाटता लाटता बोलत राहतेस, "हा तवा. तवा गरम. हा गूळ. घे." तो घेत नाही. कित्येक महिने तो घेत नाही, आणि बाहेर दर्शनाची गर्दी वाढत जाते.

मग देवासहून एका मठाचे महंत आले. बाळाला न्याहाळून म्हणाले, "भिया, ये तो सिद्ध बालक है. आखातीज पे गाड़ी भेजूँगा." बाबांचे डोळे भरून आले. मठात दिलेलं पोर परत मिळत नाही, हे तुला कुणी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून तुझा हात भाजू लागला, कणीक सांडू लागली.

आखातीजेला, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, मठाची दमणी बैल जुंपून दारात उभी राहिली. बाबा बाळाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसले होते. तू सोवळ्यातच, परक्या पुरुषांसमोर बाहेर आलीस, अंगणात उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "बाळ, ये." तो बाबांच्या मांडीवरून घसरला, तोंडावर पडला. ओठ फुटला. कुणी हललं नाही. रडत, रांगत, मातीने माखून तो तुझ्यापर्यंत आला आणि तुझा पदर त्याने मुठीत धरला. महंतांनी तोंड फिरवलं. "ये तो मामूली बच्चा है," म्हणाले, आणि गाडी रिकामी गेली. बाबांनी नंतर त्याला कधी उचललं नाही. तुझ्याशी तर ते मरेपर्यंत बोलले नाहीत.

आता तो चाळिशी ओलांडून गेलाय. पाय ओढत चालतो, विहिरीवरून पाणी आणतो, मोजकेच शब्द बोलतो. रात्री माझ्या छातीत कळ येते तेव्हा याचं पुढे कोण करील, एवढाच विचार येतो. हे पत्र टाकणार कुठे? तरी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तू गेल्यावर काही दिवस तो स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहिला. मग एका सकाळी त्याने मला "आई" म्हणून हाक मारली. मी ओ दिली, आई. अजूनही देते.