पुस्तकातून कमी झालेले नाव

॥ श्री ॥
मरोदा, भिलाई
९ जानेवारी १९९३

तीर्थस्वरूप सौ. माणिकताईस,
चारुलताचे सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहिते. चि. अच्युतच्या गुडघ्याची सूज उतरली का? आई रोज पोस्टमनकडे तुझ्या पत्राची चौकशी करते.

अच्युतचा हा रक्त न थांबण्याचा आजार, हिमोफिलिया, आईकडून मुलाकडे येतो, आणि तुझी धाकटी बहीणही स्वतः आजारी न पडता तो बाळगून असू शकेल, असे नागपूरचे डॉक्टर तुला म्हणाले होते. लग्न ठरल्यावर ते मनातून जाईना, म्हणून मी इथल्या कारखान्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना भेटले. मुंबईला रक्ताची तपासणी होते आणि अविवाहित मुलीचा खर्च कारखाना उचलतो, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी चिठ्ठी लिहायला घरच्यांची नावे असलेले बाबांचे मेडिकल बुक उघडले, तर माझे नाव खोडलेले.

साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी ते स्वतः जाऊन कमी करून घेतले होते. दिलेली मुलगी आपल्या खर्चात दाखवणे म्हणजे कारखान्याला फसवणे, असे त्यांचे म्हणणे. आई त्यांना म्हणाली की अजून मांडव नाही, अक्षता नाहीत, अन् पोरीचं नाव कावून खोडलं? जेवून तर माह्याच हातचं राहिली. मुलगी अविवाहित असून माझ्यावर अवलंबून आहे एवढा अर्ज केला, तर नाव पुन्हा लागते. पण तसे लिहिणे म्हणजे सोयरीक मोडली असे लिहिणे, अशी बाबांची समजूत आहे.

ताई, आता अवघड ते लिहिते. माझ्या एकटीच्या रक्ताने उत्तर मिळत नाही. अच्युतचे, तुझे आणि आईचेही लागते. त्याच्या रक्तातली खूण माझ्यात आहे का, हे ताडून पाहतात. तुम्ही दोघे बाबांच्या पुस्तकात नाही, तेव्हा तुमचा खर्च माझ्या शालूच्या पैशांतून करू. त्याला घेऊन येशील का?

तुझ्या मायेची नेहमीची धनी,
चारू

अमरावती
१८ जानेवारी १९९३

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र यांनी मोठ्याने वाचायला घेतले आणि मध्येच थांबून माझ्या हातात दिले.

सूज उतरली आहे. ती उतरवायला प्लाझ्माच्या ज्या बाटल्या लागल्या, त्या आम्ही विकत आणल्या. यांच्या शाळेत ना इस्पितळ, ना विमा. विम्याचा माणूस एकदा घरी आला होता. जन्माचा आजार आम्ही घेत नाही म्हणाला आणि चहा घेऊन गेला. आजारी आहे तो माझा मुलगा, त्याला कोणी पैसा देत नाही. आणि तू धडधाकट, तर तुझ्यासाठी कारखाना तयार. त्यातही तुझी वाट मोकळी व्हावी म्हणून सुई माझ्या लेकाच्या दंडात. टोचलेली जागा किती वेळ दाबून धरावी लागते, हे बाबांच्या त्या पुस्तकात नसेल.

माझे रक्त कोणी तपासले नाही. तपासले असते तर अच्युत नसता, असे मनात येते आणि मीच दचकते.

आम्ही येणार नाही. रागाने लिहिले आहे, पण फाडून पुन्हा लिहीत नाही.

तुझी,
ताई

मरोदा, भिलाई
४ फेब्रुवारी १९९३

तीर्थस्वरूप सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र योग्य आहे. अच्युतला सुई नको. मी पुन्हा विचारणार नाही.

मात्र न सांगता बोहल्यावर चढणे मला जमेना. समोरासमोर बोलण्याचे धैर्य नसल्याने मी दुर्गला मोहन नगरात, होणाऱ्या सासूबाईंना, पत्र लिहिले. ते वाचून त्या, बेबीताई, दुसऱ्याच दिवशी रिक्षाने दारात. बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

त्या बाबांना म्हणाल्या की आमच्या घराण्यात तीन पिढ्या साखरेचा आजार आहे. माझ्या पोराचं, चिंतामणीचं, रक्त तुम्ही मागितलं का? मग पोरीनं कावून घाबरावं? पुढे म्हणाल्या की तपासणी ती म्हणेल तर होईल, नाही म्हणेल तर नाही. पण अक्षता पडेपर्यंत लेक बापाची, तेव्हा अर्ज मुकाट्यानं लिहा, मी इथेच बसते. बाबांनी लिहिला. त्या दोन कप चहा घेऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या की पोरीचं अक्षर चांगलं आहे, आवाज मात्र अजून ऐकला नाही.

माझे नाव पुन्हा लागले आहे. तपासणीविना ते तसेच राहील, एवढेच.

तुझी,
चारू

अमरावती
१३ फेब्रुवारी १९९३

चि. चारूस आशीर्वाद.

माझ्याही साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी माझे नाव खोडले होते. मी आजारी नव्हते, म्हणून कोणाला कळले नाही. मला मात्र कळले होते. तुझे परत लागले हे वाचून आधी थोडे टोचले, मग बरे वाटले.

अच्युतने विचारले, मावशीला माझे रक्त कशाला? तुझ्यासारखे आहे का ते बघायला, असे मी सांगितले. तो म्हणाला, मग बघू दे की. आम्ही मार्चमध्ये मुंबईला येतो. जागा मी दाबून धरीन. शालूचे पैसे घेईन. मानापानाला माझ्याकडे जागा नाही.

ताई

मरोदा, भिलाई
२१ एप्रिल १९९३

तीर्थस्वरूप सौ. ताईस सा. न. वि. वि.

उत्तर आले. माझे रक्त अच्युतसारखेच आहे, ती खूण माझ्यातही आहे.

मी चिंतामणींना स्वतः सांगितले, तोंडाने. प्रत्येक मुलग्यामागे निम्मी भीती राहील, हेही सांगितले. ते म्हणाले की मीही कारखान्यातच आहे, मूल झालं तर ते माझ्या मेडिकल बुकात राहील. अच्युत कोणाच्या बुकात आहे? कोणाच्याच नाही, असे मी म्हणाले. त्यांना फार वाईट वाटले, आणि त्याच क्षणी मी माझ्यापुरता निर्णय घेतला, लग्न यांच्याशीच.

लग्न मेमध्ये आहे. नाव अक्षता पडल्यावरच कमी करीन, असे बाबांनी आईपुढे कबूल केले आहे.

आता एक विनंती. आपल्याला भाऊ नाही, तेव्हा कानपिळीला अच्युतने उभे राहावे, असे चिंतामणींचे म्हणणे आहे. गर्दीत त्याला धक्का लागेल म्हणून बाबा काळजीत होते. तर त्याने खुर्चीतच बसावे, आपण कान घेऊन त्याच्यापर्यंत येऊ, असे चिंतामणी म्हणाले. त्याला आजवर सर्वांनी हळू, हळू म्हणूनच वाढवले आहे. या वेळी जोरात पिळ, असे त्याला सांगून ठेव.

तुझी,
चारू